सहा इंची बाहुल्यांना नऊवारी नेसवतोय, पण कमरेपाशी नुसतं गाठोडं होतंय. काय चुकतंय?

शिवणटिपण

नमस्कार मंडळी. गौरींपुढे यंदा मंगळागौरीच्या खेळांचा देखावा मांडायचा आहे. आठ बाहुल्या आहेत: दोघी फुगडीच्या, चौघी झिम्म्याच्या, एक सूप नाचवणारी आणि एक पूजेशी बसलेली. उंची ६ इंच, आत तार, वरून कापूस आणि सुती कापड. हातपाय वाकतात.

प्रमाण १:१२ धरलं. नऊ वार म्हणजे ३२४ इंच, भागिले १२ म्हणजे २७ इंच. साडीचा पन्हा (रुंदी) ४५ इंच धरला तर पावणेचार इंच. तेवढी सुती पट्टी कापली, वर अर्धा इंची तयार जरीची लेस लावली आणि खऱ्यासारखी नेसवली. अडचणी अशा:

१. कमरेपाशी गाठोडं होतं, बाहुली गरोदर दिसते.
२. निऱ्या खाली पडत नाहीत, छत्रीसारख्या फुलतात.
३. चोळीच्या मोंढ्याला (बाही जोडतात तिथे) धागे निघतात आणि शिवण उसवते.
४. मशीनवर टीप सुरू केली की कापड प्लेटच्या भोकात जातं.

देखावा दरवर्षी मांडायचा आहे, म्हणून कपडे बाहुलीला चिकटवायचे नाहीत, काढता यायला हवेत. पुण्यात कापड नेमकं कोणतं आणि कुठे बघू तेही सांगा.

उरेबपट्टी

तुमचा हिशोब बरोबर आहे, आणि गाठोडं त्या बरोबर हिशोबामुळेच होतंय. लांबी-रुंदीला १२ने भागलंत, जाडीला भागता येत नाही. साधं सुती कापड साधारण ०.२ मिमी जाड धरा. बाहुलीच्या मापात ते २.४ मिमी झालं, म्हणजे तिच्या अंगावर सतरंजी. निऱ्या, गाठ आणि वळसे मिळून पोटाशी १२ थर आले तर माणसाच्या मापात जवळजवळ ३ सेंटिमीटरचा लगदा. एवढा लगदा कमरेला बांधून कोणीही तसंच दिसेल.

म्हणून बाहेरून दिसणारी मापं प्रमाणात ठेवायची आणि आतलं, न दिसणारं कापड काढून टाकायचं. पन्हा पावणेचार इंचच राहू द्या, कारण उंची त्यावर ठरते. लांबी २७ऐवजी १८ इंच घ्या. त्यातले साडेतीन इंच कमरेच्या वळशाला, साडेपाच निऱ्या आणि काष्ट्याला, नऊ पदराला. पदरात कंजुषी करू नका. डोळा आधी पदराकडे जातो आणि आखूड पदर लगेच ओळखू येतो.

आता कापड. दुकानात घ्यायच्या आधी एक चाचणी करा. कापडाची साधारण इंचभर रुंद पट्टी चौपदरी दुमडून पेन्सिलीवर टांगा. दोन्ही टोकं पेन्सिलीला लागून सरळ खाली पडली तर घ्या. पंखासारखी बाहेर राहिली तर ते कापड कितीही सुंदर असो, ६ इंची बाहुलीला नको. या चाचणीत सहसा पास होतात त्या बऱ्याचदा धुतलेली मलमल, लॉन (पातळ, बारीक विणीचं सुती कापड) आणि पातळ चायना सिल्क. जुनी मलमलीची ओढणी सगळ्यांत उत्तम, कारण तिच्यातली कांजी कधीच निघून गेलेली असते. नवी मलमल घेतलीत तर गरम पाण्यात दोनदा धुऊनच कापा. ऑर्गन्झा, टिश्यू, कोरं खण, इरकल हे सगळं नापास. खऱ्या पैठणीचा तुकडा वापरायचा मोह आवरा. दोन इंची काठ बाहुलीच्या मापात २४ इंची होतो, साडी दिसतच नाही, काठच दिसतो.

रविवार पेठेत कापडगंज आणि बोहरी आळी एका फेरीत होतात. मलमल, लॉन कापडगंजात, बारीक जरी, रिबिनी, मणी बोहरी आळीत. तुळशीबागेत देवांची वस्त्रं मिळतात तिथेही डोकवा. त्यांना लावलेली जर बऱ्याचदा ३-४ मिमीची असते आणि बाहुलीला नेमकी तीच लागते. लक्ष्मी रोडच्या आसपास ब्लाऊज शिवणाऱ्यांकडे अस्तराची कात्रणं मागून बघा. चोळीला तळहाताएवढा तुकडा पुरतो.

भातुकली_१२

वरचं सगळं मान्य, एक भर घालते. १८ इंची नेसवलेली साडी उभ्या आणि बसलेल्या बाहुलीला शोभते. फुगडीच्या दोघींना नेसवू नका. पाय फाकलेले, अंग मागे झुकलेलं, त्यात नेसवलेली साडी टाचण्यांशिवाय राहत नाही आणि टाचण्या दिसतात. त्यांच्यासाठी बाजारात शिवलेली नऊवारी मिळते तशीच छोटी शिवा. भाग चार:

पाय: दोन तुकडे, प्रत्येकी अडीच इंच रुंद, चार इंच लांब. खालच्या कडेला आधीच काठ लावून घ्या. पुढची मधली शिवण वरून सव्वा इंच घाला. मागची शिवण वरचा पाऊण इंच सोडून घाला, बाहुली आत घालायला ती फट लागते. मग दोन्ही पायांची आतली शिवण एका ओळीत. वर धावदोऱ्याने चुणून कमरेच्या मापाला आणा.

निऱ्या: चार इंच रुंद, पावणेचार इंच उंच तुकडा. पाच निऱ्या घालून वरची रुंदी अर्धा-पाऊण इंचावर आणा आणि पुढे मध्यावर कमरेला शिवा. खालचं टोक मोकळं.

काष्टा: दीड इंच रुंद पट्टी, दोन्ही उभ्या कडांना काठ. चुणून पाव ते तीन अष्टमांश इंच करा. खालचं टोक दोन पायांच्या जोडावर, वरचं मागच्या कमरेवर. मागची फट याच्याखाली झाकली जाते. म्हणून वरचं टोक शिवू नका, दोऱ्याचा फासा आणि २ मिमीचा मणी लावा. टिचबटण नको. सर्वांत लहान टिचबटणही या मापात ताटलीएवढं दिसतं.

पदर: नऊ इंच. एक टोक चुणून डाव्या कमरेला शिवा. तिथून पाठीमागून, उजव्या काखेखालून पुढे, छातीवरून डाव्या खांद्यावर. खांद्यावर आतून चोळीला एकच टाका.

सगळ्या शिवणींना माया (शिवणीबाहेर सोडायचं कापड) ३ मिमी. नेहमीच्या सवयीने अर्धा इंच ठेवलीत तर दोन मायाच पायाएवढ्या जाड होतील.

उरेबपट्टी

काष्ट्याच्या दोन्ही कडांना काठ हा मुद्दा फार महत्त्वाचा. मागून बघणाऱ्याला तिथे दोन काठ शेजारी शेजारी उभे दिसले की नऊवारी पटते. फुगडीत एक बाहुली हमखास पाठमोरी असते, तेव्हा तिथली मेहनत वाया जात नाही.

पण उभ्या बाहुल्यांना मात्र नेसवूनच बघा. शिवलेल्या साडीत कमरेची रेघ एकसारखी दिसते आणि आठ जणी रांगेत आल्या की सगळ्या एका साच्यातल्या वाटतात.

रेशीमगुंडी

चोळीबद्दल सविस्तर लिहिते, कारण बहुतेक जण मोठ्या चोळीचा कागद झेरॉक्सवर लहान करतात आणि तिथेच फसतात. कापडी बाहुलीची छाती, खांदे, दंड माणसाच्या प्रमाणात नसतातच. कागद तिच्या अंगावरच बनवा.

धडाला स्वयंपाकघरातली क्लिंग फिल्म घट्ट गुंडाळा. वर कागदी चिकटपट्टीचे छोटे तुकडे सगळीकडे चिकटवा. बारीक पेनाने गळा, खांद्याची रेघ, मोंढा, कुशीची (काखेखालच्या बाजूची) रेघ आणि चोळीची खालची कड काढा. बरोब्बर मध्यावर पुढे-मागे उभी रेघ. मग मागच्या रेघेवर कापून कवच काढा, खांदा आणि कुशीच्या रेघांवर वेगळं करा आणि सपाट करा. जिथे सपाट होत नाही तिथे एक कातर द्या. ती जागा टक्सची (आकार देण्यासाठी शिवलेल्या चिमटीची). एवढ्या लहान मापात टक्स घालू नका, त्याऐवजी पुढचा भाग उरेब (तिरक्या धाग्यावर) कापा. उरेब कापड अंगावर आपोआप बसतं. उभ्या धाग्यावर कापलेली चोळी टक्सशिवाय छातीखाली फुगते.

आता तुमच्या उसवण्याकडे. कापड आधी कापून मग शिवता, म्हणून धागे निघतात. आधी कड पक्की करा, मग कापा. कापडावर कागद ठेवून रेघ काढा, रेघेच्या बाहेरून ३ मिमीवर फेव्हिकॉलचं पाणी बारीक ब्रशने फिरवा (एक भाग फेव्हिकॉल, दोन भाग पाणी), पूर्ण वाळू द्या आणि मगच त्या वाळलेल्या पट्ट्यातून कापा. ब्रश ओला नको, टिपकागदावर टेकवून घ्या. जास्त झालं तर गोंद रेघेच्या आत पसरतो आणि रेशमावर कायमचा काळपट डाग दिसतो. तुकड्यावर करून बघितल्याशिवाय रेशमाला लावू नका. नेलपॉलिशही सुचवतात, पण काही कृत्रिम कापडं त्याने विरघळतात आणि कड खरखरीत होते, मी ते वापरू नका म्हणेन.

शिवायचा क्रम:

खांदे जोडा. गळ्याला पट्टी लावायची नाही, जाड होते. त्याऐवजी पूर्ण चोळीला मलमलीचं अस्तर द्या. सुलट बाजू एकमेकींवर ठेवून गळा आणि पाठीच्या दोन्ही उभ्या कडा शिवा, गळ्याच्या गोलाईला टाक्यापासून १ मिमी दूर थांबणाऱ्या कातऱ्या द्या आणि उलटवा. कातऱ्या दिल्या नाहीत तर गळा सपाट बसत नाही, उभा राहतो.

बाहीच्या खालच्या कडेला काठ लावून, बाही सपाट असतानाच मोंढ्याला शिवा. नंतर बाहीची खालची शिवण आणि कूस एकाच रेघेत. मोठ्या कपड्यासारखी बाही आधी गोल करून मोंढ्यात बसवायला गेलात तर दीड सेंटिमीटरच्या भोकात सुई फिरत नाही. तुमचा मोंढा उसवण्याचं अर्धं कारण बहुधा हेच आहे. काखेत दोन टाके जास्त घाला, हात वर केल्यावर ताण तिथेच येतो. झिम्म्याच्या चौघींचे हात वरच असणार.

चोळी पाठीमागे उघडी ठेवा, मणी आणि दोऱ्याचे फासे दोन पुरतात. पुढे गाठीची चोळी दाखवायची असेल तर गाठ वेगळी करून वरून शिवा. खरी गाठ या मापात सुपारीएवढी होते. घालताना बाहुलीच्या पंजाला कागदी चिकटपट्टीचा एक वेढा द्या, बोटं बाहीच्या शिवणीत अडकत नाहीत.

हाताने शिवत असाल तर १० किंवा १२ नंबरची सुई, भरतकामाच्या सहापदरी लडीतला एकच पदर, टाका एक-दीड मिमीचा. शिवणीला उलटी टीप, काठाला धावदोरा.

खळ_आणि_इस्त्री

छत्रीसारख्या निऱ्यांची दोन कारणं. एक तुमची लेस. तयार लेसमध्ये प्लास्टिकची जर आणि डिंक असतो, ती निरीबरोबर वळत नाही. शिवाय अर्धा इंच म्हणजे बाहुलीला सहा इंची काठ. ३-४ मिमीची पातळ जर घ्या, किंवा सोनेरी ॲक्रिलिक रंगाने काठ रंगवा. बारीक चिकटपट्टी लावून दोन रेघा अडवायच्या आणि मध्ये कोरड्या ब्रशने एकच पातळ थर. दोन थर दिलेत की पुन्हा पुठ्ठा झाला. बुट्टे हवे असतील तर टाचणीचं डोकं रंगात बुडवून टेकवा. सोनेरी जेल पेन टाळा, खळ लागली की बहुतेक पसरतो.

दुसरं कारण असं की निऱ्या कोरड्या घातल्यात. एवढ्याशा कापडाला स्वतःचं वजन नाही, त्याला खाली पडायला शिकवावं लागतं.

साबुदाण्याची खळ करा. एक चमचा साबुदाणा एक कप पाण्यात पारदर्शक होईपर्यंत शिजवा, फडक्यातून गाळा, आणखी दोन कप पाणी घाला. बोटांमध्ये किंचित बुळबुळीत लागली पाहिजे, चिकट नाही. साडी त्यात बुडवून टॉवेलमध्ये दाबून पाणी काढा, पिळू नका.

कार्डशीटची १० मिमी रुंद पट्टी घ्या. खरी निरी पाच इंचांच्या आसपास असते, म्हणून १० मिमी. कापड पट्टीवर दुमडत प्रत्येक निरी घाला आणि इस्त्रीच्या जाड सुती घडीवर टाचण्यांनी टोचा. निऱ्यांच्या खालच्या टोकांना, काठाच्या जरा वर, दोऱ्याचा एक सैल वेढा बांधा. छत्री होऊ नये म्हणून हा वेढाच खरं काम करतो. अर्धवट वाळल्यावर वरून इस्त्री फक्त दाबा, सरकवू नका, सरकवली की निऱ्या तिरक्या होतात. पूर्ण वाळेपर्यंत वेढा सोडायचा नाही. पुण्यात श्रावण-भाद्रपदात एक रात्र पुरत नाही. पंख्याखाली दोन दिवस धरा.

आणि टाचण्या गंज न लागणाऱ्याच घ्या. साध्या टाचण्या ओल्या खळीत रात्रभर राहिल्या की सकाळी प्रत्येक निरीवर तपकिरी ठिपका, आणि तो निघत नाही.

उरेबपट्टी

मशीनचं राहिलं होतं. प्लेटचं भोक रुंद आणि तुमची माया ३ मिमी, त्यामुळे सुई कापडाला भोकातच ढकलते. खाली बटर पेपरची पट्टी ठेवून दोन्ही एकत्र शिवा, नंतर कागद टाक्यापाशी अलगद फाडा. सुई ९ किंवा ११ नंबर, टाका दीड मिमीपेक्षा मोठा नको. टीप कडेपासून सुरू न करता ३-४ मिमी आतून सुरू करा, दोन्ही दोरे मागे धरून ठेवा आणि पहिले चार टाके चाक हाताने फिरवून घाला. पायाच्या लांब शिवणी मशीनवर, मोंढा आणि गळा हातानेच. मोंढ्याला मशीन वापरून वेळ वाचत नाही.

शिवणटिपण

सगळ्यांचे मनापासून आभार. जुन्या ओढणीची १८ इंची साडी कापली, खळ देऊन निऱ्या पाडल्या. निऱ्या अगदी सरळ पडल्या. आता दोन गोष्टी:

लाल साडी ओलीच बाहुलीवर नेसवून बघितली तर पायांवर गुलाबी डाग पडले. आणि फुगडीच्या दोघींचा पदर वाऱ्यावर उडाल्यासारखा दाखवायचा आहे, तो नुसत्या खळीवर उभा राहत नाही.

रेशीमगुंडी

लाल, गडद हिरवा, गडद निळा आणि काळा हे रंग सुटतात, असंच समजून चाला. कापायच्या आधी कापडाचा कोपरा ओला करून पांढऱ्या फडक्यात ठेवा आणि वरून गरम इस्त्री दाबा. फडक्यावर रंग उतरला तर पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुवा. तरी उतरत असेल तर ते कापड या कामाला नकोच. ओलं कापड अंगावर बसवायची वेळ आली तर बाहुलीला आधी क्लिंग फिल्म गुंडाळा, साडी वाळली की कापून खालून ओढून काढा. पडलेले डाग घासू नका, कापडी पाय असल्याने रंग आणखी आत जाईल. साडीखाली झाकले जाणार असतील तर तसेच राहू द्या. दिसत असतील तर पायांवर कातडीच्या रंगाच्या कापडाचा एक थर चढवणं सोपं पडतं.

भातुकली_१२

पदरासाठी तार. मोटर वाइंडिंगची वार्निश चढवलेली तांब्याची बारीक तार घ्या, केसाएवढी नको, साधारण ३० गेजची. लोखंडी तार गंजते, उघडं तांबं दमट हवेत हिरवं पडतं आणि रेशमावर डाग देतं. पदराच्या दोन्ही लांब कडा २ मिमी दुमडून त्या घडीत तार घाला आणि दर ३ मिमीवर एक टाका घाला. तारेची दोन्ही टोकं वळवून छोटे फासे करा, नाहीतर टोक कापडातून बाहेर येतं आणि बोटाला टोचतं. तार फक्त खांद्यापासून पुढच्या भागात, छातीवरच्या भागात नाही, तिथे पदर अंगालगतच दिसायला हवा.

वळण देताना दोघींचे पदर एकाच दिशेने फिरवा, म्हणजे वरून बघितलं तर दोन्ही घड्याळाच्या काट्यासारखे. समोरासमोर उभ्या असल्यामुळे पुढून बघताना एकीचा डावीकडे आणि दुसरीचा उजवीकडे जाईल. दोन्ही एकाच बाजूला उडाले तर फुगडी फिरताना दिसत नाही, वारा सुटल्यासारखं वाटतं.

शिवणटिपण

हे सुचलंच नव्हतं! शेवटचा प्रश्न: विसर्जनानंतर साड्या तशाच निऱ्यांसकट ठेवल्या तर चालतील का?

खळ_आणि_इस्त्री

नाही. खळ म्हणजे झुरळांचं आणि कसरीचं जेवण. नेसवलेल्या साड्या उतरवून साध्या पाण्यात दोनदा खळबळा, खळ पूर्ण जाऊ द्या, सावलीत वाळवा आणि घडी न घालता कागदाच्या नळीवर गुंडाळून ठेवा. पुढच्या वर्षी पुन्हा खळ दिली की निऱ्या परत पडतात, वाळायचा वेळ सोडला तर एका साडीला अर्धा तास लागतो. शिवलेल्या दोन साड्याही धुवा, फक्त तारेचा पदर पिळू नका.

प्लास्टिकच्या डब्यात डांबरगोळ्या टाकू नका, काही प्लास्टिक त्याने मऊ पडून चिकटतं, मण्यांनाही ते लागू आहे. पुठ्ठ्याचा खोका आणि कडुनिंबाचा वाळलेला पाला, फडक्यात बांधून. पाला थेट कापडावर ठेवलात तर त्याचेही डाग पडतात.